मेटलएलबी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटलएलबी हे कुबरनेटीसमधल्या सर्व्हिसना बाहेरून पोचता येणारे आयपी देणारं साधन आहे. ही प्रश्नावली स्वतःच्या सर्व्हरवर कुबरनेटीस चालवणाऱ्यांसाठी आहे. ऑफिसच्या सर्व्हर रूममधले चार नोड असोत, कॉलेजच्या लॅबमधला क्लस्टर असो की भाड्याच्या रॅकमधली यंत्रं. पॉड, सर्व्हिस, नेमस्पेस हे शब्द तुमच्या सवयीचे आहेत असं धरलं आहे. फील्ड आणि कमांड यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये लिहिताना स्पेलिंग प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजातूनच उचला, कारण कुबरनेटीस कॅपिटल-स्मॉलची चूकही पोटात घालत नाही.

सर्व्हिसचा प्रकार 'लोड-बॅलन्सर' ठेवला, पण एक्स्टर्नल आयपीच्या रकान्यात कायम 'पेंडिंग' दिसतं. काय चुकलं?

तुमचं काहीच चुकलेलं नाही. 'लोड-बॅलन्सर' हा सर्व्हिसचा प्रकार कुबरनेटीसला माहीत आहे, पण प्रत्यक्ष लोड बॅलन्सर उभा करून त्याचा आयपी सर्व्हिसवर लिहिणारा कोणीतरी बाहेरचा लागतो. एडब्ल्यूएस, ॲझूर किंवा गूगल क्लाउडवर ते काम त्या-त्या क्लाउडचा कंट्रोलर करतो. तुमच्या स्वतःच्या यंत्रांवर असा कंट्रोलर नसतो, त्यामुळे सर्व्हिस वाट बघत बसते. एरर येत नाही, टाइमआउट होत नाही. सहा महिन्यांनी बघितलं तरी तिथे 'पेंडिंग'च असेल.

मग लोक नोड-पोर्टवर भागवतात. पत्त्यापुढे ३०००० ते ३२७६७ मधला एखादा पोर्ट चिकटवतात आणि एका नोडचा आयपी सगळ्यांना वाटतात. तो नोड बंद पडेपर्यंत हे चालतं. मेटलएलबी नेमकी हीच रिकामी जागा भरतो.

मेटलएलबीमध्ये नेमकं काय-काय असतं?

दोन भाग असतात. पहिला 'कंट्रोलर'. हा एक साधा डिप्लॉयमेंट आहे, त्याचा एकच पॉड असतो. तो लोड-बॅलन्सर प्रकारच्या सर्व्हिसवर नजर ठेवतो, तुम्ही नेमून दिलेल्या पत्त्यांच्या पूलमधून एक मोकळा आयपी काढतो आणि सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये लिहितो. सर्व्हिस डिलीट झाली की आयपी परत पूलमध्ये जमा करतो.

दुसरा भाग 'स्पीकर'. हा डीमनसेट आहे, म्हणजे प्रत्येक नोडवर एक. कंट्रोलरने दिलेला आयपी आपल्या क्लस्टरकडे आहे हे बाहेरच्या नेटवर्कला सांगणं एवढंच त्याचं काम. सांगायच्या दोन पद्धती आहेत, एल-टू आणि बीजीपी. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला त्याचा कोड गूगलच्या गिटहब खात्यावर होता, २०२१ पासून तो सीएनसीएफच्या (कुबरनेटीस सांभाळणाऱ्या संस्थेच्या) सँडबॉक्समध्ये, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्रकल्पांच्या गटात आहे. आवृत्तीचा आकडा अजून शून्यानेच सुरू होतो, त्यामुळे बिचकू नका. पण अपग्रेड करण्याआधी रिलीज नोट्स वाचायची सवय मात्र लावून घ्या.

म्हणजे आमचा सगळा ट्रॅफिक मेटलएलबीच्या पॉडमधून जाणार का?

नाही, एकही पॅकेट जात नाही. हा मुद्दा नीट समजला तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत. पाहुण्याला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून घर दाखवणारा माणूस त्याची बॅग उचलत नाही, तसं हे आहे. मेटलएलबी पत्ता देतो आणि वाट दाखवतो. पॅकेट नोडवर पोचलं की ते योग्य पॉडपर्यंत नेण्याचं काम क्यूब-प्रॉक्सी करतो, किंवा क्यूब-प्रॉक्सीच्या जागी तुमचा सीएनआय (पॉडचं नेटवर्क सांभाळणारा प्लगइन) जे वापरत असेल ते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कंट्रोलरचा पॉड मेला तरी चालू सर्व्हिस चालूच राहतात. फक्त नव्या सर्व्हिसना आयपी मिळत नाही. दोन, "मेटलएलबी स्लो आहे" ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या दारावर येते. वेग कमी असेल तर नोडचं नेटवर्क कार्ड, सीएनआय किंवा खुद्द ॲप्लिकेशन बघा.

एल-टू वापरू की बीजीपी?

राउटर तुमच्या हातात नसेल, किंवा त्याला बीजीपी (राउटर एकमेकांना मार्ग सांगतात तो प्रोटोकॉल) येत नसेल, तर प्रश्नच मिटला: एल-टू.

एल-टू पद्धतीत प्रत्येक सर्व्हिस आयपीसाठी एक नोड पुढे येतो. नेटवर्कवर कोणी "हा आयपी कोणाचा?" असं एआरपीने विचारलं की त्या नोडचा स्पीकर आपला मॅक ॲड्रेस देतो. आयपीव्ही६ असेल तर तेच काम एनडीपीने होतं. राउटरमध्ये काही बदलावं लागत नाही, नोडवर खास हार्डवेअर लागत नाही, पाच मिनिटांत चालू होतं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी हीच पद्धत दिसते.

पण नाव लोड बॅलन्सर असलं तरी नोडच्या पातळीवर इथे लोडची वाटणी होत नाही. एका आयपीचा सगळा ट्रॅफिक एकाच नोडवर येतो आणि तिथून पॉडमध्ये वाटला जातो. त्या नोडला एक गिगाबिटचं कार्ड असेल, तर बाकी नऊ नोड रिकामे बसले असले तरी त्या सर्व्हिसची कमाल मर्यादा एक गिगाबिटच. एल-टूकडे फेलओव्हरची सोय म्हणून बघा, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. सर्व्हिस बऱ्याच असतील तर वेगवेगळे आयपी वेगवेगळ्या नोडवर जातात, तेवढी वाटणी आपोआप होते.

बीजीपी पद्धतीत प्रत्येक नोड राउटरशी बीजीपी सेशन जोडतो आणि "हा आयपी माझ्यामार्फत मिळेल" असं जाहीर करतो. राउटरला एकाच आयपीसाठी अनेक मार्ग दिसतात आणि तो ईसीएमपीने, म्हणजे सारख्या किमतीच्या मार्गांवर, ट्रॅफिक वाटतो. ही खरी वाटणी. किंमत म्हणून राउटर सांभाळणारा माणूस लागतो, बीजीपीमध्ये नेटवर्कची ओळख असलेले खाजगी एएस नंबर ठरवावे लागतात (६४५१२ ते ६५५३४ ही रेंज त्यासाठीच आहे) आणि टीसीपी १७९ पोर्ट खुला लागतो. शिवाय बरेच राउटर हॅशिंग करताना उपलब्ध मार्गांची संख्या विचारात घेतात. एखादा नोड आला किंवा गेला की चालू असलेली कनेक्शनं दुसऱ्याच नोडवर जाऊन पडतात आणि तुटतात. छोट्या एचटीटीपी विनंत्यांना ते जाणवत नाही. तासन् तास उघडं राहणारं डेटाबेस कनेक्शन किंवा वेबसॉकेट असेल तर चांगलंच जाणवतं.

माझं मत: दहापेक्षा कमी नोड आणि नेटवर्कसाठी वेगळा माणूस नाही, अशा ठिकाणी बीजीपीच्या वाटेला जाऊ नये. एका नोडचं कार्ड ट्रॅफिकला खरोखर पुरेनासं झालं की मग बघता येईल.

पूलमध्ये टाकायचे आयपी आणायचे कुठून?

मेटलएलबी आयपी निर्माण करत नाही. तुम्ही जे आयपी आपले म्हणून सांगाल, तेच तो वाटतो. ते खरोखर मोकळे आहेत का हे तो तपासत नाही, आणि खरे घोटाळे इथेच होतात.

एल-टूसाठी पूल नोडच्याच सबनेटमधला हवा. समजा नोड १९२.१६८.१०.११ ते १९२.१६८.१०.१४ वर आहेत. मग १९२.१६८.१०.२४० ते १९२.१६८.१०.२५० अशी रेंज घेता येईल. मात्र त्याआधी ही रेंज डीएचसीपीच्या वाटपातून काढून टाकलेली असली पाहिजे. नाहीतर एखाद्या सोमवारी कोणाचा तरी लॅपटॉप किंवा प्रिंटर २४३ घेऊन बसतो आणि तुमचं पेमेंट पेज कधी उघडतं, कधी उघडत नाही. अशी समस्या शोधायला अख्खा दिवस जातो, कारण क्लस्टरमध्ये सगळं हिरवंगार दिसत असतं.

त्यामुळे नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडे आधी जा. डेव्हऑप्सवाल्यांना हे बोलणं नकोसं वाटतं. तिकीट टाकावं लागतं, दोन दिवस थांबावं लागतं. पण त्यांच्या आयपीच्या नोंदवहीत (बहुधा ती एक एक्सेल शीटच असते) "कुबरनेटीससाठी राखीव" अशी ओळ पडल्याशिवाय पूल बनवू नका.

बीजीपीसाठी पूल नोडच्या सबनेटमधला नसलेलाच बरा. पूर्णपणे वेगळी रेंज घ्या, राउटर तिची वाट शिकेल.

किती आयपी लागतील? बहुतेकांच्या अंदाजापेक्षा खूप कमी. त्याचं कारण 'प्रत्येक ॲपला वेगळा आयपी' या प्रश्नात आहे.

बसवण्याआधी क्लस्टरवर काय तपासून घ्यायचं?

सगळ्यात आधी क्यूब-प्रॉक्सीचा मोड, म्हणजे पॅकेट वाटायला तो लिनक्सची कोणती यंत्रणा वापरतो (आयपीटेबल्स की आयपीव्हीएस). तो आयपीव्हीएस असेल आणि तुम्ही एल-टू वापरणार असाल, तर क्यूब-प्रॉक्सीच्या कॉन्फिगमॅपमध्ये 'स्ट्रिक्ट-एआरपी' ट्रू करणं सक्तीचं आहे. आयपीव्हीएस मोडमध्ये प्रत्येक नोडवर एक डमी इंटरफेस असतो आणि त्यावर सगळ्या सर्व्हिसचे आयपी बांधलेले असतात. हे सेटिंग नसेल तर "हा आयपी कोणाचा?" या प्रश्नाला सगळेच नोड "माझा" म्हणून ओरडतात. आयपीटेबल्स मोड असेल तर हे पाऊल सोडून द्या.

मग फायरवॉल. नोड-नोडमध्ये ७९४६ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी, दोन्हींवर उघडा हवा. कोणता नोड जिवंत आहे याची खबर स्पीकर मेंबरलिस्ट नावाच्या लायब्ररीद्वारे याच पोर्टवरून ठेवतात. लोक टीसीपी उघडतात आणि यूडीपी विसरतात.

के-थ्री-एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) वापरत असाल तर त्यात 'सर्व्हिस-एलबी' नावाचा स्वतःचा छोटा लोड बॅलन्सर आधीच असतो. तो डिसेबल करून मगच मेटलएलबी बसवा. दोघे एकाच सर्व्हिसचं स्टेटस लिहायला लागले की आयपी सारखा बदलताना दिसतो.

मॅनिफेस्ट लावू की हेल्म?

दोन्ही चालतं. बाकी सगळं हेल्मने सांभाळत असाल तर हेल्म, नाहीतर अधिकृत मॅनिफेस्ट क्यूब-सीटीएलने अप्लाय करा. मॅनिफेस्ट वापरताना आवृत्तीचा आकडा असलेली लिंकच घ्या, मेन ब्रँचची नको.

एक लहानशी गोष्ट हेल्मवाल्यांना नडते. स्पीकरला नोडच्या नेटवर्कवर थेट काम करायचं असतं, त्यामुळे त्याला जास्तीचे अधिकार लागतात. क्लस्टरवर पॉड सिक्युरिटीचे कडक नियम असतील तर मेटलएलबीच्या नेमस्पेसला 'प्रिव्हिलेज्ड'चं लेबल लावावं लागतं. अधिकृत मॅनिफेस्टमध्ये ते आधीच असतं. हेल्मसाठी नेमस्पेस तुम्ही हाताने बनवला असेल तर लेबलही हातानेच लावा. ते राहिलं की स्पीकरचे पॉड तयारच होत नाहीत, आणि कारण फक्त डीमनसेटच्या इव्हेंटमध्ये दिसतं.

पूलची फाइल अप्लाय केली की वेबहूकची एरर येते.

घाई झाली. मेटलएलबीचा कंट्रोलर तुमची पूलची फाइल वेबहूकने तपासतो, आणि तो पॉड रेडी व्हायच्या आत फाइल पाठवली तर तपासणारा कोणी नसतो. पॉड रेडी होईपर्यंत थांबा आणि पुन्हा पाठवा. हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये किंवा गिटऑप्समध्ये बांधलं असेल तर मध्ये 'वेट'ची पायरी घाला. रेडी झाल्यावरही एरर येत राहिली तर एपीआय सर्व्हरपासून वेबहूकच्या पॉडपर्यंतची वाट नेटवर्क पॉलिसी किंवा फायरवॉल अडवते आहे का ते बघा.

आयपी मिळाला, पण बाहेरून काहीच उघडत नाही. कुठून सुरुवात करू?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं सर्वाधिक आढळणारं कारण साधं आहे: पूल बनवला, पण जाहिरात बनवली नाही. आवृत्ती ०.१३ पासून या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'आयपी-ॲड्रेस-पूल' फक्त पत्ते ठरवतो. ते नेटवर्कवर जाहीर करायला 'एल-टू-ॲडव्हर्टाइजमेंट' किंवा 'बीजीपी-ॲडव्हर्टाइजमेंट' लागते. ती नसेल तर सर्व्हिसवर आयपी ऐटीत दिसतो आणि नेटवर्कवर त्याचं नावही कोणाला माहीत नसतं. नुसतं नाव आणि नेमस्पेस असलेली रिकामी एल-टू-ॲडव्हर्टाइजमेंट टाकली तरी पुरतं, ती सगळ्या पूलना लागू होते.

जाहिरात आहे, तरी बंद? मग बाहेरून आत या, आतून बाहेर नको. क्लस्टरच्या बाहेरच्या, पण त्याच सबनेटमधल्या एखाद्या यंत्रावरून सर्व्हिस आयपीला एआरपिंग (एआरपीने प्रश्न विचारणारी कमांड) करा. तीन शक्यता आहेत.

उत्तरच आलं नाही, तर स्पीकरपर्यंत प्रश्न पोचत नाही किंवा तो उत्तर देत नाही. सर्व्हिसचे इव्हेंट बघा. 'नोड असाइन्ड' असा इव्हेंट असेल तर कोणता नोड पुढे आला आहे ते तिथे कळतं. त्या नोडवर टीसीपीडंपने एआरपी पॅकेट येतात का ते पाहा. नोड व्हर्च्युअल मशिन असतील तर हायपरव्हायजर किंवा ओपनस्टॅकची पोर्ट सिक्युरिटी अनोळखी आयपीची उत्तरं गिळून टाकते, तिथे हे आयपी परवानगीच्या यादीत घालावे लागतात. वाय-फायवरच्या रास्पबेरी पायवर हाच त्रास होतो; तिथे इंटरफेस प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकावा लागतो.

दोन वेगवेगळे मॅक उत्तर देत असतील, तर आयपीची टक्कर आहे. प्रिंटर शोधा. किंवा स्ट्रिक्ट-एआरपी राहिलं आहे.

एकच मॅक, आणि तो योग्य नोडचा असेल, तर मेटलएलबीचं काम संपलं. आता दोष पुढे आहे. त्या सर्व्हिसला एकही तयार पॉड आहे का, म्हणजे एंडपॉइंट रिकामे नाहीत ना? नोडवरून क्लस्टर-आयपीला कर्ल करून बघा. ते चालत असेल आणि बाहेरून चालत नसेल, तर परतीची वाट तपासा. नोडला दोन नेटवर्क कार्डं असतील तर पॅकेट एकातून येतं, उत्तर डिफॉल्ट गेटवे धरून दुसऱ्यातून जातं आणि लिनक्सचं रिव्हर्स पाथ फिल्टर किंवा मधली फायरवॉल ते फेकून देते.

सर्व्हिस आयपीला पिंग होत नाही, पण ब्राउझरमध्ये साइट उघडते. हे कसं?

आयपीटेबल्स मोडमध्ये हा आयपी कुठल्याही नोडच्या इंटरफेसवर नसतो. क्यूब-प्रॉक्सीचे नियम फक्त तुम्ही जाहीर केलेल्या पोर्टपुरते असतात, आणि पिंगला पोर्ट नसतो. आयपीव्हीएसमध्ये डमी इंटरफेसमुळे पिंग लागूही शकतो, पण त्यावर विसंबू नका. मॉनिटरिंग पिंगवर बेतलेलं असेल तर ते पोर्टच्या तपासणीवर न्या.

ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये ग्राहकाच्या आयपीऐवजी नोडचा आयपी दिसतो.

सर्व्हिसची 'एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी' मुळात 'क्लस्टर' असते. त्यात पॅकेट एका नोडवर येऊन दुसऱ्या नोडवरच्या पॉडकडेही जाऊ शकतं, आणि त्या प्रवासात मूळ पत्ता पुसला जातो. पॉलिसी 'लोकल' केली की पत्ता टिकतो, पण पॅकेट जिथे आलं त्याच नोडवरच्या पॉडला मिळतं.

बीजीपीबरोबर 'लोकल' छान जमतं: ज्या नोडवर पॉड आहेत तेवढेच नोड जाहिरात करतात. एल-टूबरोबर मात्र परिणाम विचित्र होतो. एकच नोड पुढे असल्यामुळे त्या नोडवरचेच पॉड राबतात, बाकीचे नुसते मेमरी खात बसतात. इन्ग्रेस कंट्रोलर (डोमेनच्या नावावरून वेब विनंत्या योग्य ॲपकडे पाठवणारा) डीमनसेट म्हणून प्रत्येक नोडवर चालवत असाल तर हे खपतं, कारण तो पुढे मागच्या पॉडना वाटणी करतोच. ऑडिटसाठी किंवा आयपीवर आधारित निर्बंधांसाठी खरा पत्ता लागत असेल तर ही तडजोड करावीच लागते.

पुढे असलेला नोड बंद पडला तर?

एल-टूमध्ये बाकीच्या स्पीकरना मेंबरलिस्टमधून ते कळतं, दुसरा नोड पुढे येतो आणि "आता हा आयपी माझ्याकडे" असं न विचारताच नेटवर्कला सांगतो. बहुतेक वेळा काही सेकंदांत ट्रॅफिक वळतो. मधली चालू कनेक्शनं तुटतात, त्याला इलाज नाही. क्वचित एखादं जुनं उपकरण अशा न मागता आलेल्या एआरपीकडे दुर्लक्ष करतं आणि आपल्या कॅशची मुदत संपेपर्यंत मेलेल्या नोडचंच दार वाजवत राहतं.

बीजीपीमध्ये नोड नीट बंद केला तर राउटरला लगेच कळतं. अचानक वीज गेली तर होल्ड टाइम संपेपर्यंत राउटर त्याची वाट बघतो, आणि तो दीड मिनिट किंवा त्याहून जास्तही असू शकतो. त्यावर उपाय बीएफडी, म्हणजे समोरचा मेला हे पटकन ओळखणारा प्रोटोकॉल. तो मेटलएलबीच्या एफआरआर मोडमध्येच (ज्यात बीजीपीचं काम एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर करतं) मिळतो, जुन्या नेटिव्ह मोडमध्ये नाही.

उत्पादनात जाण्याआधी एकदा खरोखर नोडची केबल काढून बघा. व्यवस्थित रीबूट करून घेतलेली चाचणी काही सिद्ध करत नाही, कारण खरे अपघात नोटीस देऊन येत नाहीत.

एकाच नोडचा क्लस्टर आहे. आयपी मिळाला, जाहिरात आहे, तरी कोणीच उत्तर देत नाही.

क्लस्टर उभा करणारं क्यूब-एडीएम हे साधन कंट्रोल-प्लेन नोडवर 'बाहेरच्या लोड बॅलन्सरमधून वगळा' या अर्थाचं एक लेबल लावून ठेवतो, आणि मेटलएलबी त्याचा मान राखतो. एकच नोड, आणि तोच वगळलेला. मग उत्तर कोण देणार? ते लेबल काढा किंवा स्पीकरला त्याकडे दुर्लक्ष करायचं सेटिंग द्या.

प्रत्येक ॲपला वेगळा आयपी लागेल का?

नाही. वेब ॲप असतील तर एक इन्ग्रेस किंवा गेटवे एपीआयचा (इन्ग्रेसच्या नव्या पर्यायाचा) कंट्रोलर बसवा, त्याच्या सर्व्हिसला मेटलएलबीकडून एक आयपी घ्या आणि बाकी सगळी नावं त्या एका आयपीवर वळवा. डोमेनच्या नावावरून कोणत्या ॲपकडे जायचं ते इन्ग्रेस ठरवेल. वेगळा आयपी लागतो तो एचटीटीपी नसलेल्या गोष्टींना: डेटाबेस, मेल, डीएनएस, एमक्यूटीटी. त्यामुळे वीस-पंचवीस ॲपच्या क्लस्टरलाही पाच-सहा आयपी सहसा पुरतात.

नव्याने इन्ग्रेस निवडत असाल तर एक लक्षात घ्या. कुबरनेटीस समुदायाचा 'इन्ग्रेस एन्जिनएक्स' हा लोकप्रिय प्रकल्प निवृत्त करत असल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि देखभालीची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच दिली गेली. नव्या क्लस्टरवर गेटवे एपीआय चालवणारा पर्याय घेणं शहाणपणाचं.

एखाद्या सर्व्हिसला ठरावीक आयपी द्यायचा असेल तर?

मेटलएलबीच्या ॲनोटेशनमध्ये तो आयपी लिहा. सर्व्हिसच्या स्पेकमधलं 'लोड-बॅलन्सर-आयपी' हे जुनं फील्ड कुबरनेटीसने १.२४ मध्ये डेप्रिकेट केलं आहे, नव्या फाइलमध्ये ते वापरू नका. डीएनएसमध्ये ज्याची नोंद आहे किंवा फायरवॉलमध्ये ज्यासाठी नियम आहे, तो प्रत्येक आयपी असा पक्का लिहून ठेवा. नाहीतर सर्व्हिस कोणी डिलीट करून पुन्हा बनवली की तिला भलताच आयपी मिळतो.

महागडे पब्लिक आयपी असतील तर त्यांचा वेगळा पूल करून 'ऑटो-असाइन' फॉल्स ठेवा. मग नाव घेऊन मागितल्याशिवाय त्यातला आयपी कोणाला मिळत नाही. पूल ठरावीक नेमस्पेसपुरता बांधायचीही सोय आहे.

दोन सर्व्हिसना एकच आयपी वाटून घ्यायचा असेल तर 'शेअर्ड आयपी'चं ॲनोटेशन दोघींवर सारख्याच किल्लीने लावा. पोर्ट किंवा प्रोटोकॉल वेगळे हवेत. दोघींची ट्रॅफिक पॉलिसी 'क्लस्टर' हवी, किंवा दोघींचे सिलेक्टर अगदी सारखे.

आमचा सीएनआय कॅलिको आहे आणि तो आधीच बीजीपी बोलतो.

मग थांबा आणि विचार करा. एकाच नोडवरून एकाच राउटरशी दोन बीजीपी सेशन जमत नाहीत. राउटर एक तोडतो, मग दुसरं, आणि खेळ चालू राहतो. मेटलएलबी एल-टूमध्ये चालवला तर कॅलिकोशी काही भांडण नाही. बीजीपीच हवं असेल तर आयपी नेमायचं काम मेटलएलबीच्या कंट्रोलरकडे ठेवून जाहिरात कॅलिकोकडून करून घेता येते. स्पीकर मग बसवायचाच नाही.

सिलियम हा सीएनआय वापरणाऱ्यांकडे आयपी वाटणं आणि जाहीर करणं या दोन्ही सोयी सिलियममध्येच आहेत. तिथे मेटलएलबी घालून एक जास्तीची वस्तू सांभाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशिनवर चालेल का?

बहुतेक क्लाउडवर नाही. रीजन मुंबईतला असो की पुण्यातला, तिथलं नेटवर्क सॉफ्टवेअरने बनवलेलं असतं, आणि कोणता आयपी कोणत्या मशिनचा हे क्लाउडच ठरवतं. तुमच्या स्पीकरची एआरपी उत्तरं तिथे कोणी ऐकत नाही. त्या क्लाउडचा स्वतःचा कंट्रोलर वापरा.

लॅपटॉपवर काइंडमध्ये (डॉकरच्या आत कुबरनेटीस चालवणाऱ्या साधनात) शिकायचं आहे.

लिनक्सवर सरळ चालतं. डॉकरच्या 'काइंड' नेटवर्कचं सबनेट बघा आणि त्यातलेच थोडे आयपी पूलमध्ये टाका. मॅक आणि विंडोजवर डॉकर एका आतल्या व्हर्च्युअल मशिनमध्ये असतो, त्यामुळे आयपी मिळतो पण ब्राउझरमधून पोचता येत नाही. मेटलएलबी तुटलेला नाही, तुम्ही भिंतीच्या बाहेर आहात.

जुना क्लस्टर आहे, सगळं कॉन्फिगमॅपमध्ये लिहिलेलं आहे. अपग्रेड कसं करू?

०.१३ पासून कॉन्फिगमॅप वाचला जात नाही, त्याजागी कस्टम रिसोर्स आले. जुन्या कॉन्फिगमॅपवरून नव्या फाइल बनवून देणारं साधन प्रकल्पाने दिलेलं आहे, ते वापरा आणि निघालेली फाइल डोळ्यांखालून घाला. नुसती इमेज बदलून अपग्रेड केलं तर मेटलएलबीच्या दृष्टीने पूलच नाही अशी स्थिती होते, त्यामुळे नव्या फाइल हाताशी ठेवूनच सुरू करा आणि देखभालीची वेळ जाहीर करून करा. आधी सगळ्या सर्व्हिसचे सध्याचे आयपी एका फाइलमध्ये उतरवून घ्या.

कशावर लक्ष ठेवायचं?

मेटलएलबी प्रोमिथियस या मॉनिटरिंग साधनाला मेट्रिक्स देतो, मूळ सेटिंगमध्ये ७४७२ पोर्टवर. त्यातले दोन आकडे सांभाळले तरी बरंच साधतं: पूलमधले एकूण आयपी आणि त्यातले वापरातले. ऐंशी टक्के भरले की अलर्ट लावा, कारण पूल संपल्यावर नवी सर्व्हिस पुन्हा त्या ओळखीच्या 'पेंडिंग'मध्ये जाते आणि डेव्हलपर तुम्हाला फोन करतो. बीजीपी असेल तर सेशन चालू आहे का, हा तिसरा आकडा. स्पीकरचे पॉड नोडच्या संख्येइतके आहेत का, हेही बघत राहा.

दुसरा लोड बॅलन्सर सोबत ठेवता येतो का? आणि पुढे मेटलएलबी काढायचा झाला तर?

सोबत ठेवता येतो. सर्व्हिसवर 'लोड-बॅलन्सर-क्लास' लिहा आणि मेटलएलबीलाही त्याचा क्लास सांगा. मग तो फक्त आपल्या नावाच्या सर्व्हिसना हात लावतो. दोन कंट्रोलर आहेत आणि क्लास कुठेच नाही, अशी स्थिती मात्र एक दिवसही ठेवू नका.

काढतानाही हाच रस्ता आहे, पण क्लास हे फील्ड चालू सर्व्हिसवर बदलता येत नाही. म्हणून नव्या कंट्रोलरच्या क्लासची दुसरी सर्व्हिस त्याच पॉडसमोर उभी करा, डीएनएस तिकडे वळवा, जुन्या आयपीवरचा ट्रॅफिक आटला की जुनी सर्व्हिस डिलीट करा. सगळ्या सर्व्हिस हलल्यावर आधी जाहिराती, मग पूल आणि शेवटी मेटलएलबी काढा. राखीव आयपी नेटवर्कवाल्यांच्या शीटमधून मोकळे करायला त्यांना कळवा.